गेटच्या बाजूची माणसं

स्कूटर विकून आलेले पैसे पर्समध्ये घालून लवंगी कॅमेऱ्याच्या दुकानात पोचली, तोवर लेन्स स्कूटरच्या पुढे निघून गेली होती. मागच्या आठवड्यात सांगितलेला भाव आज नव्हता. कंपनीने सकाळीच नवा भाव कळवला होता, या वर्षातला तिसरा.

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. मूर्ती लहान आणि राग महान, म्हणून मामाने लहानपणी ठेवलेलं हे नाव. पुढे तिच्या फोटो स्टुडिओच्या गिऱ्हाइकांनीही तेच उचललं. मामाने माणूस बरोबर ओळखला होता, हे त्या दिवशी दुकानदाराला कळलं. तिने विचारलं, कपाटातली ही लेन्स इथे आली कधी? सहा महिने झाले, तो म्हणाला. मग सहा महिने इथेच धूळ खात पडलेली वस्तू आज सकाळी कशी काय महागली, रात्रीत तिला सोन्याचा मुलामा चढला का? दुकानदाराने कच्चा माल, वाहतूक आणि चलनाचा दर अशी तीन कारणं सांगितली. मागच्या दोन वेळांनाही त्याने हीच तीन आणि याच क्रमाने सांगितली होती. लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कॅमेऱ्यापेक्षा लेन्स महाग," ती म्हणाली. "नाकापेक्षा मोती जड झाला की हा."

"मोती नाक बघूनच घ्यावा, ताई," दुकानदार म्हणाला आणि त्याने कपाटाला कुलूप लावलं.

ज्यांना या प्रकरणातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. मागे सरकायला जागा नसली तरी समोरचं सगळं एका फोटोत घेते ती वाइड-अँगल लेन्स. चांगली असेल तर मधला माणूस जितका स्पष्ट येतो तितकाच अगदी कडेचाही येतो. स्वस्तातली असेल तर मधली माणसं झकास येतात आणि कडेची पाण्यातून बघितल्यासारखी. म्हणजे जास्तीचे जे पैसे या कंपन्या घेतात ते खरं तर कडेच्या माणसांचे असतात. लवंगीकडे अशी एक चांगली लेन्स होती. एका लग्नात कोणाच्या तरी कोपराचा धक्का लागून ती टेबलावरून पडली आणि तिचं फिरणारं कडं अडकलं. कंपनीचं म्हणणं, ते मॉडेल बंद झालं, सुटे भाग मिळणार नाहीत, नवी घ्या. घ्या म्हणायला त्यांचं काय जातं? भाड्याने लेन्स देणारा गावात एकच होता, आणि तोही नव्या किमतीएवढी अनामत मागत होता.

एरवी लवंगीने चार शिव्या हासडून वर्षभर थांबायची तयारी ठेवली असती. पण शनिवारी बटणांच्या कारखान्यात फोटो होता आणि तो पुन्हा कधीच होणार नव्हता.

त्या कारखान्यात लवंगीच्या आईचं सगळं आयुष्य गेलं. पॅकिंग खात्यात बसून पुठ्ठ्याच्या कार्डावर बटणं शिवायची, एका कार्डावर सहा. त्या बटणांवर लवंगी शिकली आणि त्या बटणांवरच तिचा पहिला कॅमेरा आला. आता बाहेरून येणारी बटणं निम्म्या भावात पडत होती, म्हणून महिनाअखेर कारखाना बंद होणार होता. जाण्याआधी सगळ्यांचा एक शेवटचा फोटो काढायचा असं मॅनेजरने ठरवलं आणि काम लवंगीला मिळालं.

फोटो दरवर्षीच निघायचा, आणि त्याची एक रीत होती. कारखान्याचा हॉल आगगाडीच्या डब्यासारखा लांबट, एका टोकाला ऑफिसचं दार, दुसऱ्या टोकाला गेट. माणसं हुद्द्याप्रमाणे उभी राहायची. ऑफिसच्या दाराशी मॅनेजर, मग इंजिनियर, हिशेबनीस, कारकून, मशीनवरचे कामगार, आणि सगळ्यात शेवटी गेटपाशी पॅकिंगच्या बायका. गेट उघडंच असायचं, मागून ऊन यायचं आणि बायकांचे चेहरे काळे पडायचे. घरात अशा फोटोंची चळत होती. त्यातल्या प्रत्येक फोटोत आई बांध्यावरून ओळखू यायची, चेहऱ्यावरून नाही. लवंगी लहानपणापासून यावर चिडायची. आई म्हणायची, जाऊ दे. आईचं निम्मं बोलणं या दोन शब्दांत भागायचं. पगार कापला तरी जाऊ दे, नवरा सोडून गेला तरी जाऊ दे.

पण काम लवंगीला मिळालं हे कळल्यावर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "या वेळी तेवढा चेहरा येऊ दे गं. माझा एकटीचा नको, आमच्या सगळ्याजणींचा."

आईने मुलीकडे जन्मात काही मागितलं असेल तर ते हे. त्यासाठी स्कूटर गेली होती.

दुकानातून पाय निघेना, तेव्हा दुकानदाराने खालच्या खणातून दुसरी लेन्स काढली. कोणा नव्या कंपनीची, वजनाला हलकी आणि किमतीला पहिलीच्या पासंगालाही न पुरणारी. उन्नीस-बीसचा फरक आहे, तो म्हणाला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून लवंगीने ती घेतली, घेताना पैसे त्याच्या हातात न देता काउंटरवर ठेवले. तेवढाच सूड.

घरी येऊन तिने स्टुडिओच्या भिंतीवर टोकापासून टोकापर्यंत वर्तमानपत्रं चिकटवली आणि फोटो काढून मोठा करून बघितला. डावीकडच्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचता येत होत्या. मधलं सगळं उत्तम. उजवीकडे मात्र अक्षरांची नुसती भुकटी झाली होती. आतली एखादी काच तिरकी बसलेली, दुसरं काय. स्वस्त मालात हे होतं, एक बाजू धड आणि एक बाजू रडकी. आणि कॅमेऱ्याच्या जागेवरून बघितलं तर हॉलची उजवी बाजू म्हणजे गेट.

ती तशीच दुकानात परत गेली. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं. लेन्स बदलून मिळेल, पण कंपनीकडे जाऊन यायला महिना लागेल.

"मला शनिवारी पाहिजे."

"मग आहे ती वापरा. या भावात डावी बाजू चांगली आली हेच नशीब समजा, ताई."

लवंगी त्यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुकानातली दोन गिऱ्हाइकं न घेताच निघून गेली एवढं सांगितलं तरी पुरे.

रात्री जेवताना आईने लेन्स हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि स्वस्तात घेतलीस का विचारलं. घ्यावी लागली, लवंगी म्हणाली. आमची बटणंसुद्धा लोकांनी अशीच सोडली, आई म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. बाहेरची स्वस्त बटणं घेणाऱ्या दुनियेला लवंगीने वर्षभर शिव्या घातल्या होत्या, आणि आता ती स्वतः त्याच रांगेत उभी होती. महाग घ्यायची ऐपत नाही आणि स्वस्त घेतलं तर आपल्याच आईच्या पोटावर पाय. ही चैन कोणाची आणि शिक्षा कोणाला, असं तिला कोणाच्या तरी तोंडावर ओरडून विचारायचं होतं. पण समोर फक्त आई होती.

दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरला फोन केला. मॅनेजर गोड बोलणारा माणूस होता, कोणालाही कधी अरे-तुरे केलं नाही, आणि माणसं कामावरून काढतानाही खुर्ची पुढे करायचा. लवंगीने विचारलं, या वर्षी पॅकिंगच्या बायकांना मध्ये उभं केलं तर? तो हसला. फोटो हेड ऑफिसला जाणार होता, तिथे क्रम बघतात. रांग समोरच्या भिंतीला उभी करून उलट बाजूने काढला तर? तिकडे सगळ्या खिडक्याच आहेत मॅडम, सगळेच काळे येतील. हेही खरंच होतं. अंगणात न्यावं तर तिथे सुटी केलेली मशीनं आणि ती न्यायला आलेले ट्रक. दोन फोटो काढून जोडायचा प्रयोग तिने आधीच करून बघितला होता. माणसं हलतात, आणि जोडावर एका धडाला दोन डोकी येतात.

"कडेच्या लोकांचे चेहरे बिघडतील, साहेब," ती म्हणाली.

"असू द्या हो. फोटोत असल्याशी कारण."

फोन ठेवल्यावर लवंगी बराच वेळ नुसती बसून राहिली. तिला ओळखणाऱ्या कोणालाही सांगता आलं असतं की ती ओरडते तेव्हा भ्यायचं कारण नसतं. गप्प बसली की सांभाळावं.

शनिवारी हॉलमध्ये गेली तेव्हा माणसं रांगेत उभी राहायला लागली होती. तिने आधी गेट लावून घेतलं. बायकांच्या मागचं ऊन गेलं आणि चेहऱ्यांवर खिडक्यांतला स्वच्छ उजेड आला. आईने केस चापूनचोपून विंचरले होते. तिच्या शेजारी पॅकिंगची मुकादमीण, मग बाकीच्या, आणि अगदी शेवटी मागच्या वर्षी लागलेली एक मुलगी. सगळ्याजणी लवंगीकडे विश्वासाने बघत होत्या. आपल्यातल्या एकीची पोर आहे, या वेळी काही चुकायचं नाही.

तिने एक फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून बघितला. मॅनेजरच्या टायवरचे ठिपके मोजता येत होते. आईच्या चेहऱ्यावरून कोणी ओला बोळा फिरवल्यासारखं दिसत होतं.

तेव्हा लवंगीने ट्रायपॉडवरचा कॅमेरा सोडवला. ट्रायपॉडचा मधला दांडा उपसून उलटा घातला आणि कॅमेरा त्याला खाली डोकं वर पाय असा टांगला. लेन्सची जी बाजू उजवीकडे होती ती आता डावीकडे गेली. मशीनवरच्या पोरांत हशा पिकला. एकजण म्हणाला, कारखाना तसाही उलटाच होतोय, फोटो का सरळ यावा. मॅनेजर रांग सोडून जवळ आला आणि हे काय म्हणून विचारू लागला.

"या लेन्सला असंच लागतं," लवंगी म्हणाली. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"फोटो उलटा नाही ना येणार?"

"फोटो सरळ येईल, साहेब."

तो परत जाऊन ऑफिसच्या दाराशी उभा राहिला. त्याच्यापासून तिसरा हिशेबनीस होता, भला माणूस. आईच्या आजारपणात त्याने कोणाला न सांगता पगार आधी दिला होता. त्याने लवंगीला हात केला. आता त्याचाही चेहरा जाणार, तिच्या मनात आलं आणि क्षणभर बोट थांबलं. पण एक बाजू जाणारच होती, आणि आजवर ती दर वेळी एकाच बाजूची गेली होती. तिने बटण दाबलं. एकच नाही, वीस वेळा दाबलं, म्हणजे कोणाचे डोळे मिटले असतील तर दुसरा सापडावा.

सोमवारी तिने मॅनेजरला फोटो पाठवला आणि संध्याकाळी तो स्वतःच स्टुडिओत आला. खुर्चीवर बसला, पाणी नको म्हणाला, मोबाइल पुढे धरला. कडेला उभ्या असलेल्या त्याचं डोकं भोपळ्यासारखं ताणलं होतं आणि नाकडोळे विरघळले होते. इंजिनियर कोण आणि कारकून कोण ते कळत नव्हतं.

"मी असा का आलो?"

"लेन्स स्वस्तातली आहे, साहेब. एक बाजू खराबच येते."

"मग ती आमच्याच बाजूला का?"

लवंगीने टेबलावरची लेन्स उचलून उलटी करून ठेवली. त्याने ते समजून घेतलं, कारण माणूस मूर्ख नव्हता. तो चिडलाही नाही. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने हळू आवाजात सुचवलं, की आमच्या चौघापाचांचे चेहरे दुसऱ्या फोटोंतून घेऊन इथे बसवा. आणि हेड ऑफिसच्या भिंतीवरची चौकट आहे ठरावीक मापाची, त्यामुळे गेटकडून थोडं कापावं लागेल. थोडं म्हणजे किती, तिने विचारलं. त्याने बोटाने दाखवलं. पॅकिंग खातं संपूर्ण गेलं.

मग तो कामाचं बोलला. त्याची बदली हेड ऑफिसला झाली होती. कंपनीचे बाकीचे कारखाने चालूच होते आणि दरवर्षी सगळ्यांचे फोटो लागणार होते. ते काम तो लवंगीला देणार होता. चांगल्या लेन्ससाठी कंपनी आगाऊ रक्कमसुद्धा देईल, म्हणजे असली वेळ पुन्हा यायची नाही. फक्त हा मूळ फोटो कोणाला द्यायचा नाही. उद्या कळवा, म्हणाला, आणि निघताना खुर्ची जागेवर सरकवून गेला.

लवंगीने तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. एक घाव दोन तुकडे करणारी बाई, पण ती त्याला कळवते म्हणाली होती. कुलूपबंद कपाटातली ती लेन्स तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मॅनेजर गेल्यावर तिला जो राग आला तो मॅनेजरचा नव्हता, लेन्सच्या कंपनीचाही नव्हता. तो स्वतःचा होता आणि त्याला काढायला जागा नव्हती. तिने मोठ्या कागदावर पूर्ण फोटो छापला, गुंडाळी केली आणि घरी चालत गेली.

आईने फोटो खिडकीपाशी नेला. चष्मा पुसला, फोटो नाकाजवळ धरला, मग लांब धरला. लवंगी तिच्याकडे बघत राहिली. आईच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती कागदावर उतरली होती, कपाळावरचा तीळ, ओठावरचा व्रण, सगळं.

"एवढी म्हातारी झाले मी," आई म्हणाली.

"उजेड कडक होता. थोडं मऊ करून देते."

"काही करू नको." आई परत वाकली. तिचं बोट स्वतःवरून मुकादमिणीवर गेलं, तिच्यावरून पुढच्या बाईवर. "इकडे ये. हिचे डोळे बघ."

लवंगीने बघितलं. मुकादमिणीचा डावा डोळा बारीक झाला होता, पापणी निम्मी खाली आली होती. आईचा डावा डोळाही तसाच. तिच्या पलीकडच्या बाईचा तसाच. रांगेतल्या सगळ्याजणी एकच डोळा, एकाच मापाने, बारीक करून उभ्या होत्या. समोरासमोर बसून कधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आजवर फोटोत तर त्यांना चेहरेच नव्हते. पॅकिंगच्या बाकांवर दिवे सगळ्यांच्या डाव्या हाताला होते, आई म्हणाली, उघडे, टोपी नसलेले. चकचकीत बटणांवरून तो उजेड दिवसभर डोळ्यात यायचा. एकेकीने वेगवेगळी तक्रार केली होती. कारखान्याचा डॉक्टर प्रत्येकीला एकेकटीला सांगायचा की वय झालं, डोळे जाणारच. मॅनेजर शेजारी उभा राहून मान हलवायचा. प्रत्येकीला वाटायचं, आपलंच काहीतरी.

आईचं बोट रांगेच्या अगदी टोकाला, मागच्या वर्षी लागलेल्या मुलीवर जाऊन थांबलं. तिचाही डावा डोळा मिटायला लागला होता.

"ही वीस वर्षांची आहे," आई म्हणाली. "हिचं कसलं गं वय झालं?"

लवंगीने आईचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण त्यात सोडून देण्याचं काही नव्हतं. लवंगीने मग मॅनेजर येऊन गेल्याचं सगळं सांगितलं, गेटकडून कापायचं, चेहरे बसवायचे, दरवर्षीचं काम, नवी लेन्स. स्वतः नाही म्हणाली नाही, हेही सांगितलं. आईने ते ऐकलं. फोटो टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, म्हणजे गुंडाळला जाऊ नये.

"पॅकिंगमधल्या सगळ्याजणींना एकेक छापून दे," ती म्हणाली. "एवढाच मोठा."

"देते."

"आणि त्याला फोन लाव."

"मी सांगते ना त्याला. माझं काम आहे, नाही मीच म्हणते."

"तुझं काम फोटो काढायचं होतं. ते तू केलंस. डोळे आमचे आहेत."

लवंगीने नंबर लावला आणि मोबाइल आईच्या हातात दिला. पलीकडून मॅनेजरचा गोड आवाज आला, बोला मॅडम, काय ठरलं.

"मॅडम नाही, तिची आई बोलतेय. पॅकिंगमधली," आई म्हणाली. खुर्ची ओढून ती फोटोसमोर बसली. "फोटो आहे का तुमच्यासमोर? मग तो उघडा आणि गेटच्या बाजूचे चेहरे मोठे करा. मी थांबते."